मेंदू क्रमांक सतरा

क्रोध हा षड्रिपूंमधला दुसरा शत्रू, असे माझ्या गुरुजींनी मला नवव्या वर्षी शिकवले, आणि त्या शत्रूपासून मी पुढची अडुसष्ट वर्षे सभ्य अंतर राखून होतो. बाथर्स्ट या परदेशी गावच्या सरकारी शाळेत एकतीस वर्षे नववीच्या मुलांना बीजगणित शिकवूनही ज्याने कधी खडू फेकून मारला नाही, त्या मनुष्यास कोपिष्ट म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु गेल्या जुलैत एका विद्वान संस्थेने माझ्या मस्तकाला एकोणीस तारा जोडल्या, आणि तेथून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मी जो संतापलो, तो संतापलेलाच राहिलो. आमच्या कुटुंबाच्या, म्हणजे कुमुदिनीच्या मते, मी त्या काळात घोरतसुद्धा रागाने होतो.

या प्रकरणाचे आदिकारण आमचा शेजारी नेव्हिल ट्रेलोर. वय एकोणऐंशी, पत्नी निवर्तून सहा वर्षे झालेली, दोन्ही कानांत श्रवणयंत्रे, आणि ओठांवर अखंड शीळ, जी त्याची त्याला धड ऐकू येत नसल्यामुळे इतरांना ऐकावी लागते. आमच्या गावच्या डोंगरावरून मोटारींच्या शर्यतीचा रस्ता जातो. ऑक्टोबरातले काही दिवस त्यावर गाड्या ताशी तीनशेच्या गतीने धावतात. वर्षाचे बहुतेक दिवस तोच सार्वजनिक रस्ता असतो आणि वेगमर्यादा साठ. मी पंचावन्नने जातो. त्या शर्यतीत डोंगरमाथ्याच्या एका वळणावर नेव्हिल गेली चौतीस वर्षे निशाण घेऊन उभा राहतो. पुढे अपघात झाला की पिवळे निशाण दाखवायचे; ते दिसले की कितीही मोठा शूर असो, त्याने कोणाला ओलांडायचे नाही. "एवढ्या वेगानं येणारा माणूस माझ्या एका फडक्याला भितो," असे तो सांगतो. त्याच्या आयुष्यात फुशारकी मारण्याजोगी हीच एक गोष्ट आहे असे त्याला वाटते, आणि ती तो आठवड्यातून एकदा मारतो.

माझ्या दामोदर या नावाचे या देशात 'डॅमो' होते. पहिली दहा वर्षे मी विरोध केला.

गावात निवृत्त पुरुषांसाठी सुतारकामाची एक शेड आहे. बायकांना दुपारी घरात शांतता मिळावी हा तिचा मूळ हेतू. पक्ष्यांसाठी लाकडी घरटी करणे हा दुय्यम. तिथल्या फळ्यावर जूनमध्ये एक जाहिरात लागली. स्मृतिभ्रंशाचा जो अल्झायमर नामक विकार आहे, त्याचे निदान मेंदूतील विद्युत्-लहरींच्या आलेखाच्या साहाय्याने लवकर करता येईल का, याचा अभ्यास एक विद्यापीठीय मंडळी करीत होती. रुग्णांचे आलेख त्यांच्यापाशी होते. ताडून पाहण्यासाठी सत्तरीपुढची निरोगी डोकी हवी होती.

"चल की, डॅमो," नेव्हिल म्हणाला. "तुझ्या डोक्याचं कौतुक चाळीस वर्षं ऐकतोय आम्ही. आता तारा लावून दाखव."

मी होकार दिला. त्यामागे लोककल्याणाची भावना होती. आपले मस्तक निरोगी मस्तकाचा नमुना म्हणून शास्त्राच्या दप्तरी राहील, या विचारात अहंकाराचा किंचित अंश असेल, तर तो किंचितच होता. शिवाय आठवड्यातून तीन दिवस मी माझ्या गाडीतून गावातल्या वृद्धांना जेवणाचे डबे पोहोचवीत असे, आणि त्या वृद्धांपैकी सात जण माझ्याहून लहान होते. निरोगी या शब्दाची याहून चांगली व्याख्या मला ठाऊक नव्हती. ही गाडी आणि हे डबे वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढे तेच पणाला लागले.

सूचनापत्रकात लिहिले होते की केस स्वच्छ धुऊन यावे आणि त्यांना कोणतेही प्रसाधन लावू नये. परीक्षेची आदली संध्याकाळ बुधवारची होती. बुधवारी डोक्याला खोबरेल तेल चोपडणे हे माझ्या हातून सत्तर वर्षांत चुकलेले नाही. कुमुदिनीने तेलाची वाटी पुढे करता करता विचारले, "अहो, त्या कागदात काही लावू नका असं लिहिलंय ना?" मी तिला शांतपणे समजावले की प्रसाधन म्हणजे शोभेसाठी लावायचा पदार्थ. तेल शोभेसाठी नसते. ते मेंदूला थंडावा देण्यासाठी असते, आणि परीक्षा तर मेंदूचीच आहे. या युक्तिवादात मला आजही दोष आढळत नाही.

माझी वेळ नऊची होती, नेव्हिलची दहाची. टेगन नावाच्या पन्नाशीच्या तंत्रज्ञ बाईंनी मला खुर्चीत बसवले, यंत्रात माझा क्रमांक सतरा नोंदवला, आणि पोहताना घालतात तशी एक टोपी माझ्या डोक्यावर चढवली. ती घसरून कानावर आली. त्यांनी पुन्हा चढवली. या खेपेस ती नाकावर आली. बाईंनी आपली बोटे हुंगली.

"मिस्टर आठल्ये, हे काय लावलंय?"

"खोबरेल."

"अहो, यावर तारा चिकटायच्या कशा? बाजूला चहाच्या खोलीत नळ आहे. भांड्यांचा साबण घ्या आणि चांगलं खसखसून धुवा."

ज्या मस्तकात गुरुजींनी संपूर्ण शब्दरूपावली भरली, ते मस्तक मी इथल्या जुलैतल्या ऐन हिवाळ्यात बर्फासारख्या पाण्याखाली धरून कपबश्यांच्या साबणाने तीनदा धुतले. नळासमोरच्या भिंतीवर घड्याळ होते. अपमानाचे प्रत्येक मिनिट मी त्यावर मोजले: नऊ वाजून पाच ते नऊ पस्तीस. वेळ फुकट जाऊ नये म्हणून बाईंनी तेवढ्यात नेव्हिलला आत घेतले. मी भिजलेल्या मांजरासारखा परतलो तेव्हा तो कपाळावर टोपीचे वळ घेऊन बाहेर येत होता. मग माझी पाळी आली. डोळे मिटा आणि कशाचाही विचार करू नका, असे मला सांगण्यात आले. ज्या अवस्थेसाठी योगी जन्म वेचतात, ती मला लिंबाच्या साबणाच्या वासात पाच मिनिटांत साधायची होती. मी मनातल्या मनात राम शब्द चालवू लागलो. बाईंचे म्हणणे असे पडले की ते मनातल्या मनात नव्हते.

तीन आठवड्यांनी आम्हा दोघांना एकाच टपालाने पत्रे आली. नेव्हिलच्या पत्रात आभार होते आणि सर्व काही वयोमानाप्रमाणे उत्तम असल्याचा निर्वाळा होता. माझे पत्र 'प्रिय सहभागी क्रमांक सतरा' असे सुरू होत होते. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसाच्या मेंदूत सेकंदाला नऊ-दहा लहरी उठतात. क्रमांक सतराच्या मेंदूत सहाच उठत होत्या. एवढ्यावरून निश्चित असे काही ठरत नाही, आलेख हा केवळ साहाय्यक पुरावा असतो, तथापि सहभागीने आपल्या डॉक्टरांना भेटावे. पत्राची प्रत डॉक्टरांकडे रवाना केली आहे.

ते पत्र मी कुंपणापाशी उभा राहून मोठ्याने वाचले, कारण एवढ्या असत्याला साक्षीदार हवा होता. निरोगी माणूस कसा असतो हे दाखवायला गेलेला मनुष्य रोगी होऊन परत यावा, ही गोष्ट मी नेव्हिलला चार प्रकारे सांगितली. त्याने दोन्ही पत्रे हातात घेतली. एकदा माझे वाचले, एकदा स्वतःचे, मग पुन्हा माझे. त्याची शीळ थांबली होती, हे मला आता आठवते. तेव्हा मी बोलत होतो.

"गाडी चालवू देणार नाहीत तुला," तो शेवटी म्हणाला. "मी सोडत जाईन, डॅमो. जिथं म्हणशील तिथं."

आमच्या राज्यात पंचाहत्तरीनंतर गाडीच्या परवान्यासाठी दरवर्षी डॉक्टरांची सही लागते. माझा अर्ज डॉक्टर वेंडी पास्को यांच्या मेजावर होताच. वीस वर्षे माझा रक्तदाब पाहणाऱ्या या बाईंनी तो अर्ज खणात ठेवला, खण लावून घेतला, आणि माझी परीक्षा घेतली. अकरा वाजून दहा मिनिटे दाखवणारे घड्याळ काढा, म्हणाल्या. मी विचारले, उन्हाळी वेळेप्रमाणे की हिवाळी? त्यांनी काहीतरी टिपून घेतले. पंतप्रधान कोण, म्हणाल्या. आज सकाळपासून बदलले नसतील तर अमुक, असे मी सावधपणे उत्तर दिले. या देशात तेवढी सावधगिरी शहाणा माणूस बाळगतोच. त्यांनी पुन्हा टिपून घेतले. शंभरातून सात वजा करत जा, म्हणाल्या. उणे पाचपर्यंत पोहोचलो तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवले. थांबा म्हणेपर्यंत थांबू नये, हे मी एकतीस वर्षे मुलांना शिकवले होते. पण तेही टिपले गेले.

यापुढचा अपमान भाषेचा होता. एका रकान्यात 'घरी अन्य भाषा बोलता का' असा प्रश्न होता आणि मी खरे उत्तर दिले होते. त्या एका सत्यवचनामुळे नियमाप्रमाणे पुढची परीक्षा दुभाष्याच्या मदतीने घ्यावी लागली. दुभाषा फोनवर होता, मेलबर्नमध्ये होता, हिंदीचा होता, आणि मला 'अंकलजी' म्हणत होता. डॉक्टर इंग्रजीत विचारीत. तो ते हिंदीत सांगे. मी इंग्रजीत उत्तर देई. ते तो पुन्हा इंग्रजीत डॉक्टरांना सांगे, आणि ते माझ्या मूळ उत्तराहून नेहमी थोडे कमी बुद्धिमान असे. तीन गुण गेले. ते कोणाचे गेले, हे विचारण्याची सोय त्या कागदावर नव्हती.

निष्कर्ष असा निघाला की ऑरेंज नावाच्या शेजारगावी स्मृतितज्ज्ञ बसतात, त्यांना भेटावे. भेट पाच महिन्यांनी मिळाली, दुपारी चार वाजता. परतीची शेवटची बस तीनला सुटते. गाडी चालवण्यास आपण योग्य आहोत हे सिद्ध करण्यासाठी जिथे जायचे, तिथे स्वतः गाडी चालवत गेल्याखेरीज परत येता येत नाही, अशी ही रचना होती. मी डॉक्टरबाईंना हे दाखवून दिले. त्या म्हणाल्या, "मला कळतंय हो तुमची चिडचिड." चिडचिड हा शब्द त्यांनी ज्या मऊपणाने उच्चारला, त्या मऊपणाचाच मला अधिक राग आला. तोवर गाडी चालवू नका, हे वाक्य त्यांनी मला सांगितले नाही. माझ्याकडे पाठ करून कुमुदिनीला सांगितले.

डब्यांच्या कामाची व्यवस्था जॉयलीन पाहते. ती दोन घरे सोडून राहते, सर्वांना 'राजा' म्हणते, आणि वाईट बातमी तिच्या आधी कोणाच्या दारी पोहोचत नाही. तिने माझे नाव वाहकांच्या यादीतून काढले, इथवर मी समजू शकलो. पण पुढच्या सोमवारी दाराची घंटा वाजली आणि जॉयलीन हातात डबा घेऊन उभी.

"अरे राजा, तुझं नाव खालच्या, डबे घेणाऱ्यांच्या यादीत घालून टाकलं. तुझीच फेरी, तुझंच घर. कसली अडचणच नाही."

डब्यात पांढऱ्या लापशीत बुडालेला फुलकोबी होता. ज्यांना मी तीन वर्षे तो पोहोचवला आणि वर 'चवीने खा' असा उपदेश केला, त्या सर्व वृद्धांची मी त्या क्षणी मनोमन क्षमा मागितली. कुमुदिनीने एक घास खाल्ला आणि चमचा खाली ठेवला.

"मीठ घालायला विसरलेत," ती म्हणाली. "आणि आजार म्हणे तुम्हाला."

मग उपदेशांचा पाऊस सुरू झाला. शेडमधल्या एकाने माशाच्या तेलाच्या गोळ्या आणून दिल्या, ज्या मी खात नाही. दुसऱ्याने शब्दकोडी सोडवायला सांगितली आणि एक सोपे, मोठ्या अक्षरांतले भेट दिले. कोणी म्हणे डाव्या हाताने दात घास. जॉयलीनने फार गंभीर चेहऱ्याने कानात सांगितले की हळद नावाची एक पिवळी भुकटी मिळते, बाजारपेठेतल्या कॉफीच्या दुकानात ती दुधात घालून देतात, मेंदूला फार चांगली. सत्त्याहत्तर वर्षे जिच्यावाचून माझी आमटी झाली नाही, तिची ओळख मला करून देण्यात आली. मी आभार मानले. आभार मानताना माझ्या कपाळाची शीर उडत होती. सर्वांत वाईट हे की लोक माझ्याशी हळू आणि मोठ्याने बोलू लागले, आणि मी रागावलो की एकमेकांकडे पाहू लागले. रागीटपणा हे त्या विकाराचे एक लक्षण आहे, असे कुठल्याशा पत्रकात छापलेले होते. म्हणजे न रागावता सहन करावे तर अपमान, आणि रागवावे तर निदान.

या सहा आठवड्यांत नेव्हिलने मला जिथे म्हणेन तिथे नेले. त्याबद्दल मी ऋणी असायला हवे होते, परंतु खरे सांगतो, त्याच्यावरही मी रागावलेलाच होतो. औषधाच्या दुकानाचे वळण तो दोनदा चुकला. दवाखान्यात जाताना वाटेत तीनदा त्याने विचारले की आज कुठे जायचे आहे. एकदा तर वाणसामान घेऊन घरी येताना तो डोंगरावर चढला आणि शर्यतीच्या रस्त्याने दोन पूर्ण फेऱ्या मारून आला. मागे आइस्क्रीम वितळत होते. मी विचारले तर म्हणाला, "हवा छान आहे रे." बायको नसलेल्या माणसाला वेळेची किंमत उरत नाही, असा मी निष्कर्ष काढला. कुमुदिनी मागच्या सीटवर मुकाट बसलेली असे. एकदा घरी आल्यावर ती म्हणाली, "अहो, त्यांची किटली पुन्हा जळाली म्हणे." मी म्हणालो, माझा परवाना जळतो आहे आणि तुला किटलीचे काय पडले आहे.

माझा पुन्हा आलेख काढा, अशी मागणी मी विद्यापीठाकडे केली. उत्तर आले की दुसऱ्यांदा आलेख काढण्यास नीतिसमितीची अनुमती लागते आणि समिती तीन महिन्यांतून एकदा बसते. मला नीती शिकवणारी समिती कोणती, हे पाहण्यासाठी मी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात स्वतः तिथे जाऊन थडकलो. नेव्हिलने सोडले. तो बाहेर गाडीपाशी थांबला.

या अभ्यासाच्या प्रमुख प्राध्यापक मॉइरा हॅलोरन. सडपातळ, करड्या केसांच्या, आणि दुर्दैवाने अतिशय सुस्वभावी. सुस्वभावी माणसाशी भांडणे म्हणजे उशीवर गुद्दे मारणे. मी म्हणालो, मला माझा मेंदू पाहायचा आहे. त्या म्हणाल्या, तो तुमचा हक्कच आहे. आणि टेगनबाईंना बोलावून त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला.

एकाखाली एक एकोणीस रेघा होत्या, आणि त्या रेघांवरून रुंद, सावकाश, आळसावलेल्या लाटा सरकत होत्या. हॅलोरनबाईंनी बोटाने मोजून दाखवल्या. एका सेकंदात सहा. मी स्वतः पुन्हा मोजल्या. सहाच. गणिताच्या शिक्षकाला मोजणीशी भांडता येत नाही. सहा आठवड्यांत प्रथमच माझा राग उतरला. उद्या मला राम शब्द चालवता आला नाही तर. कुमुदिनीचे नाव आठवले नाही तर. जॉयलीनच्या डब्याची घंटा ऐकून मला आनंद झाला तर.

मग माझी दृष्टी रेघांच्या वर गेली. तिथे टेगनबाईंनी परीक्षेच्या वेळी टिपलेले बारीक शेरे होते. ९.१२, दोन्ही श्रवणयंत्रे काढून ठेवली. ९.१९, शीळ, थांबवण्याची विनंती. ९.२३, पुन्हा शीळ.

मी उभा राहिलो.

"नऊ वाजून बारा मिनिटांनी," मी म्हणालो, "माझी मान तुमच्या चहाच्या खोलीतल्या नळाखाली होती. मला श्रवणयंत्र नाही. मला शीळ वाजवता येत नाही. आमच्या घरात ते असभ्य समजत. हा मेंदू माझा नव्हे."

टेगनबाईंचा हात तोंडाशी गेला. माझा क्रमांक यंत्रात घातला, तेल निघाले, मला नळाकडे पाठवले, आणि तोच क्रमांक तसाच ठेवून खुर्चीवर दुसऱ्याला बसवले. त्यांनी घाईने अठरा क्रमांक उघडला. तिथल्या लाटा दाट, चपळ आणि एकसारख्या होत्या, सेकंदाला दहा; वर शेरा होता, '९.५२, सतत पुटपुटणे. विनंतीचा उपयोग नाही.'

हॅलोरनबाईंनी माझी क्षमा मागितली. टेगनबाईंनी डोळ्यांत पाणी आणून मागितली. तिथूनच डॉक्टर पास्कोंना फोन लागला, त्यांनीही मागितली; गाडी खुशाल चालवा, अर्जावर आत्ता सही करते, म्हणाल्या. सहा आठवडे रोज सकाळी दाढी करताना मी याच प्रसंगासाठी एक भाषण रचले होते. त्यात अज्ञान, उद्धटपणा आणि वृद्धांचा अवमान यांवर तीन परिच्छेद होते. मी ते सुरू केले. पहिली दोन वाक्ये फार चांगली झाली. तिसऱ्या वाक्यात मी पुन्हा म्हणालो, हा मेंदू माझा नव्हे, आणि तिथे थांबलो.

सतराव्या क्रमांकावरच्या त्या सावकाश लाटा पडद्यावर अजून सरकतच होत्या. औषधाच्या दुकानाचे वळण. आज कुठे जायचे आहे. डोंगराच्या दोन फेऱ्या. किटली.

हॅलोरनबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "मिस्टर आठल्ये, कृपा करून हे बाहेर बोलू नका. त्यांना आम्ही रीतसर पत्र पाठवू."

आयुष्यात मी अनेकदा रागावलो असेन, परंतु ज्या रागाची मला लाज वाटत नाही असा एकच, तो त्यानंतरचा.

"पत्र नको," मी म्हणालो. "'प्रिय सहभागी क्रमांक अठरा' असं काही तुम्ही त्या माणसाच्या पेटीत टाकलंत, तर मी रोज इथं येऊन बसेन. तुम्ही त्याच्या घरी जा. पुन्हा तपासणी करायची असेल ती नीट करा, पण आधी त्याच्या समोर बसा. तो चहा देईल. फार गोड करतो, तरी प्या. मग सांगा."

हॅलोरनबाईंनी पडदा बंद केला. मग म्हणाल्या, "मी जाईन. उद्याच जाईन."

बाहेर आलो तेव्हा नेव्हिल वाहनतळावर एका पांढऱ्या गाडीच्या दारात किल्ली फिरवत होता. ती गाडी त्याची नव्हती. त्याची तिच्यामागे दोन रांगा सोडून होती. मला पाहून त्याने किल्ली खिशात टाकली आणि काही झालेच नाही असा त्या परक्या गाडीला टेकून उभा राहिला.

"झालं भांडून?"

"झालं."

"तुझा नव्हता ना तो?"

मी त्याच्या खिशातल्या किल्लीकडे पाहिले. त्याने जमिनीकडे पाहिले.

"मला कुंपणापाशीच कळलं होतं, गड्या. तू डोकं धूत होतास आणि ती बाई मला सतरा नंबर म्हणाली होती. मी म्हटलं, त्यांचं ते निस्तरतील. मग म्हटलं, ऑक्टोबर होऊन जाऊ दे. एकदा शेवटचं निशाण धरतो, मग सांगतो." तो त्या परक्या गाडीपासून दूर झाला. "ती जाहिरात मी तुला उगाच नाही दाखवली. तोवर किटली दोनदा जळली होती. एकट्यानं जायचा धीर नव्हता. म्हटलं डॅमोला न्यावं बरोबर, दोघांत एक डोकं तरी चांगलं निघेल."

मला रागावण्याचा पूर्ण अधिकार होता. परवाना, डबे, अंकलजी, हळद, सर्व हिशेबास तयार होते. ज्या माणसाला हे सर्व ठाऊक होते तोच मला सहा आठवडे गावभर फिरवत होता, आणि तेही कुठे जायचे आहे ते विसरत. कुमुदिनी मागच्या सीटवर बसलेली असताना. मी तोंड उघडले.

"सहा आठवडे मी तो फुलकोबी खाल्ला, नेव्हिल."

"फार वाईट होता का रे?"

"मीठच नव्हतं."

"चुकलं माझं," तो म्हणाला. आणि मग, न मागता, त्याने किल्ली माझ्यापुढे धरली.

मी त्याला त्याच्याच गाडीकडे नेले आणि शेजारच्या जागेवर बसवले. कुठून जाऊ, असे विचारले. डोंगरावरून, तो म्हणाला. मी हॅलोरनबाईंविषयी काही बोललो नाही. एवढेच सांगितले की उद्या तुझ्याकडे चहाला पाहुणी येणार आहे, मीही येईन, आणि किटलीवर लक्ष मी ठेवीन. त्याने मान हलवली. मग शीळ सुरू झाली. त्या शिळेत स्वर एकही नव्हता. मी थांबवण्याची विनंती केली नाही.

चढणीवर माझ्यामागे चार गाड्या साचल्या. माथ्याजवळ आलो तेव्हा सर्वांत पुढच्याने भोंगा वाजवला, मग दाबूनच धरला.

"पंचावन्ननं चालवतोयस काय?" नेव्हिल म्हणाला.

"वेगमर्यादा साठ आहे."

"तेच म्हणतोय."

त्याचे वळण समोर आले. त्याने पुढचा कप्पा उघडला, काच पुसायचे पिवळे फडके बाहेर काढले, खिडकी खाली केली आणि हात सरळ बाहेर ताणून ते वाऱ्यावर धरले. भोंगा बंद झाला. आरशात पाहिले तर चारही गाड्या एकामागे एक शिस्तीत येत होत्या आणि कोणीही आम्हाला ओलांडत नव्हते.

मी वेग पन्नासवर आणला.